पाटाच्या वर, पाटाखाली

शिरूरहून चौफुल्याकडे निघाले की वाटेत न्हावरे लागते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, एरवी शिरूर, दौंड आणि तळेगाव ढमढेऱ्याकडची वर्दळ. इथल्या एखाद्या तरुणाला विचारा, ‘तुमच्याकडं जंगली जनावरं कोणती?’ तो क्षणभरही न थांबता ‘बिबट्या’ म्हणेल. तोच प्रश्न त्याच्या आजोबांना विचारा. ते आधी लांडगा म्हणतील, मग खोकड, मग ससे, आणि जरा आठवून हरणे. बिबट्या त्यांच्या यादीत येतो तो शेवटी, आणि तोही ‘ते आत्ता आत्ता आलंय’ अशा पुस्तीसह. दोन्ही उत्तरे खरी आहेत. आजोबा आणि नातू यांच्या मधल्या काळात पाटाला पाणी आले, एवढाच काय तो फरक.

न्हावरे आणि भोवतालच्या शिरूर-दौंडच्या गावांतले वन्यजीव आणि त्यांचे अधिवास हा या पुस्तकाचा विषय. वन्यजीव म्हटले की आपल्याला अभयारण्याची कमान, तिकीट खिडकी आणि उघडी जीप आठवते. या टापूत त्यांतले काहीच नाही. जवळचे अभयारण्य म्हणजे बारामती तालुक्यातल्या सुप्याचे मयूरेश्वर. १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी राखलेले, क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. पलीकडे कर्जतजवळ काळविटांचे रेहेकुरी, १९८० सालचे; ते तर २.१७ चौरस किलोमीटर. एखाद्या मोठ्या गावाच्या शिवारात ही दोन्ही मावून वर जागा उरेल. म्हणजे या मुलखातली बहुतेक जनावरे, पाखरे, साप, सरडे अभयारण्याबाहेरच जन्मतात आणि बाहेरच मरतात: गायरानात, वनखात्याच्या तुटक तुकड्यांत, ओढ्याकाठी, बांधावर, उसात. त्यांचा पत्ता सांगायला गट नंबरपेक्षा एक साधी खूण जास्त उपयोगी पडते. जागा पाटाच्या वर आहे की पाटाखाली? कालव्याचे पाणी उताराने जिथे पोचते ती पाटाखालची जमीन, जिथे चढत नाही ती वरची. जमिनीचा भाव यावरून ठरतो, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. जनावरांची वाटणीही यावरूनच झाली आहे, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे.

आधी पाण्याची हकीकत सांगायला हवी. न्हावऱ्याच्या एका अंगाला घोड नदी आणि दुसऱ्या अंगाला भीमा. दोघींचे उगम सह्याद्रीच्या एकाच धारेवर, भीमाशंकर-आहुप्याच्या बाजूला. तिथे पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तीच धार ओलांडून ढग इकडे पोचेपर्यंत हात झटकून बसतात आणि शिरूर-दौंडच्या वाट्याला वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर येतात, तेही नशीब असेल तर. घोड वाटेत मीना आणि कुकडी यांचे पाणी घेते. कुकडीने टाकळी हाजी आणि निघोजच्या मध्ये काळ्या कातळात पाडलेले रांजणखळगे पाहायला लोक लांबून येतात. पुढे चिंचणीला घोड धरण. ते साठच्या दशकात झाले, नंतर चासकमानचा कालवाही तालुक्यात आला, आणि कोरडवाहू बाजरी-मटकीच्या शिवारात उसाचे फड उभे राहिले. न्हावऱ्याला साखर कारखाना आहे तो या पाण्यामुळेच.

पण इथला पहिला पाट याहून फार जुना. न्हावऱ्याजवळच घोडकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० पर्यंत तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ते सातू पिकवत, गुरे पाळत, आणि पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी त्यांनी चर खणून दगडमातीचा बांधही घातला होता. तीन हजार वर्षांपूर्वीचा हा पाट. त्यांच्या उकिरड्यांत पाळीव जनावरांच्या हाडांबरोबर काळविटाची हाडेही निघाली. काळवीट हे उघड्या, गवताळ रानाचे जनावर. घनदाट जंगलात ते राहत नाही. म्हणजे त्या काळीही घोडकाठची काळी जमीन सोडून वर आले की माळच होता. पुढे पाऊसमान घटले, शेती आखडली, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेळ्या-मेंढ्यांवरचा भर वाढला आणि अखेर वस्ती उठली, असे उत्खनन करणाऱ्यांचे अनुमान आहे. पाटाखालचे जग पाणी हटताच विरले. वरचे तसेच राहिले.

हे एवढे सांगायचे कारण असे की माळाविषयी आपल्याकडे एक पक्का समज आहे. इथे पूर्वी किर्र जंगल होते, माणसाने तोडले, गुरांनी चरले, म्हणून माळ झाला. सुशिक्षित मंडळी तर हे हमखास बोलतात, आणि मग पावसाळ्यात रोपे घेऊन माळावर येतात. काही डोंगरांबद्दल हे खरे असेलही. दख्खनच्या पर्जन्यछायेतल्या माळांबद्दल मात्र पुरावा उलटा आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी २०२५ साली एक सुरेख काम प्रसिद्ध केले. त्यांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय, संतचरित्रे, लोककथा, ओव्या चाळल्या आणि त्यांत कोणत्या रानझाडांची नावे येतात ते टिपले. येतात ती हिवर, बाभूळ, खैर, पळस यांसारखी विरळ, काटेरी, उन्हात वाढणारी झाडे. दाट सावलीच्या जंगलातली थोडी. आठशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीतला गुराखी ज्या झाडाखाली बसे त्याच झाडाखाली आजचा धनगर बसतो. मराठीचे प्राध्यापक आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक यांनी एकमेकांच्या खोलीत जावे यासाठी याहून चांगले निमित्त मला माहीत नाही.

माळ म्हणजे काय, हे कळायला पावसाळ्याचा शेवट बरा. खाली मुरूम, त्यावर वीतभर माती, कुठे तेवढीही नाही. पाणी धरून ठेवायला जागाच नसल्यामुळे मोठे झाड इथे नांदत नाही. गवताला मात्र तेवढे पुरते. पवना, मारवेल, शेडा, आणि सगळ्यांत जास्त कुसळी. कुसळीचे पिकलेले बी म्हणजे एक यंत्रच आहे. टोकाला भाल्यासारखी अणी, मागे काळा, पिळलेला लांब केस. हवेत ओल आली की पीळ सुटतो, सुकले की पुन्हा बसतो, आणि या वळवळीने बी स्वतःला जमिनीत रुतवत जाते. माती नाही मिळाली तर पायजम्यात, मोज्यात, मेंढीच्या लोकरीत. माळावरून फिरून आलेला माणूस ओट्यावर बसून अर्धा तास कुसळे काढतो ती याचमुळे. धनगरांना कुसळी पिकायच्या आत चारायची घाई असते; पिकल्यावर ती जनावराच्या तोंडात टोचते.

या गवतात जे राहते त्याची पहिली खूण म्हणजे रंग. मातीचा, वाळल्या गवताचा, दगडाचा. धाविक पक्षी पायाखालून पळेपर्यंत दिसत नाही. पळतो, थांबतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा पळतो. पखुर्ड्या जोडीजोडीने पाण्यावर येतात. चंडोल जमिनीवर, गवताच्या बुंध्याशी किंवा ढेकळाच्या आडोशाला घरटे करतो, आणि गाणे मात्र आकाशात उंच चढून म्हणतो. माळटिटवी अंडी उघड्यावर खड्यांमध्ये घालते आणि तुम्ही जवळ गेलात की ओरडून तुम्हाला चुकीच्या दिशेने नेते. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्ये येतात, गवतावरून अगदी खालून तरंगत नाकतोडे वेचतात आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. ज्या माळावर रोपांसाठी खड्डे खणले, तिथला त्यांचा मुक्काम संपला.

उन्हाळ्याच्या अखेरीस, वळवाच्या तोंडावर, एखाद्या दगडावर बोटभर लांबीचा सरडा चढून बसलेला दिसेल. लांबून तो दगडाचाच भाग वाटतो. मग तो पुढच्या पायांवर उठतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो: निळी, काळी, केशरी. उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. हे मादीला बोलावणे आणि दुसऱ्या नराला तंबी. बाजूच्या दगडावरून उत्तर आले की दोघे धावतात, झोंबतात, आणि हरलेला तितक्याच वेगाने पळतो. हा सगळा तमाशा दहा पावलांवरून पाहता येतो. पाहणाऱ्याने उन्हात न हलता बसायला मात्र हवे. आपण माळाला भकास म्हणतो तेव्हा बहुधा गाडीच्या खिडकीतून पाहत असतो.

न पाहता काही बोलू नये, हे विल्यम हेन्री साइक्स या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने चांगले जाणले होते. १८२४पासून त्याच्याकडे मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करण्याचे काम होते. पीकपाणी, लोकसंख्या, हवामान यांच्या जोडीने त्याने पाखरे, जनावरे, मासे यांचीही नोंद केली. भारतीय लांडग्याचे शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा केले ते त्यानेच, १८३१ साली, दख्खनमधल्या नमुन्यावरून. खोकडालाही त्याने शास्त्रीय नाव दिले होते आणि त्यात चक्क मराठी नावच लॅटिनच्या पंगतीला बसवले होते. ते पुढे टिकले नाही. पुढच्या वर्षी पाखरांची यादी आली, १८३९मध्ये भीमा आणि तिच्या उपनद्यांतले मासे. पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या माळांचा जगाच्या विज्ञानात प्रवेश झाला तो असा, बंगाल-मद्रासच्या जंगलांच्या बरोबरीने.

त्या लांडग्याचे आज काय चालले आहे? भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी २०२२ साली देशात सुमारे ३,१०० प्रौढ लांडगे असावेत असा अंदाज दिला. त्याच वर्षीच्या गणनेत वाघांचा सरासरी अंदाज ३,६८२ होता. म्हणजे लांडगा वाघाहून दुर्मीळ. कायद्याने दोघेही पहिल्या अनुसूचीत. पण वाघाच्या वाट्याला राखीव जंगले आली आणि लांडग्याच्या वाट्याला धनगराची काठी. काठीला मी दोष देत नाही. माळावरची हरणे आटली तशी लांडग्याची भूक शेळ्या-मेंढ्यांवर आली, आणि कळपातली एक मेंढी गेली तर ते नुकसान शहरात बसून हिशेबात धरता येत नाही. आश्चर्य हे की इतके होऊनही या मुलखात धनगर आणि लांडगा शतकानुशतके शेजारी राहिले. लांडगा यायचा, न्यायचा, असे समजूनच कळप राखायचा, कुत्री पाळायची, रात्री वाघूर लावून आत मेंढरे कोंडायची. लांडगा पार संपवावा असे म्हणणारा मेंढपाळ विरळा. आता धोका दुसरीकडून आला आहे. कुक्कुटपालनाच्या शेडमधल्या मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकल्या जातात, त्यावर भटकी कुत्री पोसतात, तिथेच लांडगे आणि तरस येतात. कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग येतात, आणि कुत्र्या-लांडग्यांचा संकरही होतो. पुणे जिल्ह्यातल्या माळांवर असा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे. बंदुकीने किंवा विषाने मेलेला लांडगा निदान मोजता येतो; रक्तातून हळूहळू पुसला जाणारा कसा मोजणार?

पाटाच्या वरचा आणखी एक रहिवासी आता या पुस्तकात केवळ आठवणीपुरता आहे. माळढोक. १९७९ साली नान्नजच्या नावाने माळढोक अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर होता. सोलापूर जिल्ह्याबरोबर तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा हे भागही त्यात होते. घोड ओलांडली की श्रीगोंदा, म्हणजे न्हावऱ्याच्या समोरच्या काठापर्यंत अभयारण्य आले होते. ते कागदावर. त्या हद्दीत गावे होती, शेते होती, नंतर कुकडीचे पाणी आले, ऊस आला. जमिनीच्या व्यवहारावर निर्बंध म्हणून लोक चिडले, पक्ष्याचाच राग करू लागले. पुढे हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली. तोवर पक्षी बोटांवर मोजण्याइतके उरले होते, आता महाराष्ट्रात तो जवळजवळ संपलाच. संपूर्ण तालुके घेरणारी रेघ मारायची आणि त्यात राहणाऱ्या माणसाला काहीच सांगायचे नाही, हा प्रयोग होता. सुप्याच्या पाच चौरस किलोमीटरांत चिंकारा मात्र टिकला. अभयारण्य लहान असले तरी त्याला लागून दौंड-बारामतीचे मोकळे माळ आहेत. कुंपण नाही, त्यामुळे चिंकारे पाटस-कुसेगावच्या बाजूला ये-जा करतात. शेततळ्यांचा प्लास्टिकचा उतार त्यांना चढता येत नाही. पाणी प्यायला उतरलेले जनावर त्यात बुडते. काठावर एक जाड दोरखंड किंवा पोत्यांची उतरंड सोडली तर वाचते, आणि याला खर्च म्हणावा असा खर्च येत नाही.

आता पाटाखाली. उसाचा फड आतून पाहिला नसेल तर बिबट्या तिथे का राहतो ते कळत नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. आत दुपारीही अंधुक, गार, ओले. उंदीर, घुशी, रानमांजरे, मुंगूस, घोणस, रानडुकरे सगळे तिथे. वस्ती शेताला लागून. वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरे. बिबट्याला याहून काय हवे? सह्याद्रीतून धरणांखाली आणि उसामागोमाग तो जुन्नर, आंबेगाव, खेड असा उतरत शिरूरपर्यंत आला, आणि आज जन्माला येणारी त्याची पिढी उसातच जन्मते. अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, रानातले एकही मोठे तृणभक्षी जनावर नसलेल्या शेतीच्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच प्रौढ बिबटे राहत असल्याचे दिसले. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा. ‘त्याला जंगलात नेऊन सोडा’ ही मागणी माणसाच्या भीतीतून येते, म्हणून तिची टवाळी करू नये. पण तिचे फळ तपासले गेले आहे. जुन्नर वनविभागात १९९३ ते २००१ या काळात बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर ते सतरापर्यंत गेले. ओळखीच्या रानातून उचलून अनोळखी रानात टाकलेला बिबट्या पिंजऱ्यातला धसका सोबत घेऊन जातो.

तरीही २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर शिरूर तालुक्यात हे आकडे शांतपणे ऐकून घेणे कुणालाही अवघड आहे. पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे आणि वृद्धेचे बळी गेले, लोकांनी महामार्ग अडवला, अखेर एका बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या गावांतल्या माणसाला सहजीवनावर प्रवचन देण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. सांगण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत: पहाटे-संध्याकाळी लहान मुले उसाकडेला एकटी नकोत, गोठा बंदिस्त हवा, रात्रीच्या विजेऐवजी शेतीला दिवसा वीज हवी म्हणजे दारे धरायला अंधारात जावे लागणार नाही. या शेवटच्या गोष्टीचा वन्यजीवांच्या पुस्तकांत सहसा उल्लेख नसतो. माझ्या मते तिथूनच सुरुवात व्हायला हवी.

तोडणीच्या हंगामात ऊसतोड मजुरांना फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. कोयता थांबतो. मुकादमाला हाक, मग वनखात्याला फोन. पूर्वी पिल्ले उचलून नेत. मादी रात्री येऊन रिकामी जागा हुंगत असे आणि मग आसपासच्या वस्त्यांना त्रास व्हायचा. आता तपासणी करून पिल्ले त्याच ठिकाणी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि बाजूला होतात. अंधार पडल्यावर मादी येते, क्रेट पालथा पाडते, एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. ज्या मजुराच्या पोटाला तो फड तुटल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, तो त्या दिवसापुरता दुसरीकडे तोडायला जातो. या माणसाचे नाव कोणत्याही संवर्धनाच्या अहवालात येत नाही.

पाटाने नुसता बिबट्याच आणला असे नाही. तालुक्यातली मोराची चिंचोली मोरांसाठी प्रसिद्ध आहे. चिंचेची जुनी झाडे रात्रीच्या मुक्कामाला, शेतातले दाणे, किडे, साप खायला, आणि मोराला न मारणारी माणसे. उलट ज्वारी हटली तशी भोरड्यांची थव्याने येणारी जत्रा रोडावली. जिथे अजून शाळू आहे तिथे हिवाळ्यात माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार अजून दिसतो. ऊस राखायला गोफण लागत नाही.

नद्यांबद्दल थोडक्यात, कारण बोलायला लागलो तर आवरणार नाही. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि पुणे शहराचे सांडपाणी घेऊन येते. त्यानंतरची भीमा उन्हाळ्यात जलपर्णीने हिरवी दिसते. या पाण्यात शेकाट्यांसारखे काही पक्षी उलट वाढले आहेत. घाणीतल्या अळ्या त्यांना मानवतात, म्हणून ‘नदीवर पक्षी खूप आहेत’ एवढ्यावर खूश होऊ नये. साइक्सने नोंदलेल्या माशांच्या जागी जाळ्यात चिलापीच जास्त येते. घोडवर दुखणे वेगळे: वाळू. नदी सुरय आणि टिटव्या वाळूच्या पट्ट्यावर अंडी घालतात, आणि वाळू उपसून नदीचा तळ उघडा पडला की ती जागाच जाते. खाली उजनीचा फुगवटा दौंडच्या हद्दीपर्यंत येतो. १९८० साली धरण भरल्यापासून भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात रोहित, कुरव, सुरय असे समुद्रकाठी शोभणारे पक्षी येतात. कोकणातल्या माणसाला यात काय विशेष असे वाटेल, पण घोडच्या पाण्याला समुद्र गाठायचा तर भीमा, मग कृष्णा, आणि सगळे दख्खन ओलांडून बंगालचा उपसागर. तेवढ्या अंतरावरून पाखरे आपणहून आली आहेत.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल एक खुलासा. गवतावरचे प्रकरण सर्वांत आधी आणि सर्वांत मोठे आहे, बिबट्याचे त्याच्या निम्मेही नाही. काही वाचकांना हे उलटे वाटेल. बिबट्यावर रोज छापून येते. कुसळीवर कोण छापणार? शिवाय पाटाखालची जनावरे ऊस असेतोवर आहेत, त्यांच्या जागेवर कुणी डोळा ठेवलेला नाही. माळावर सगळ्यांचा डोळा आहे. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशावलीत गवताळ आणि झुडपी रान पडीक या वर्गात पडते, आणि पडीक जमीन कुणालाही देता येते: सौर प्रकल्पाला, औद्योगिक वसाहतीला, वृक्षलागवडीला. शेवटचे नाव यादीत पाहून चांगल्या माणसांना राग येतो. पण गायरानावर खड्डे खणून गिरिपुष्प लावले की चंडोल, धाविक, चिंकारा आणि मेंढपाळ या सगळ्यांचे रान जाते आणि बदल्यात जे उगवते ते मेंढरेही खात नाहीत. बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, ओढ्याकाठी झाडे जरूर लावा. लिंब, चिंच, करंज, वड. माळावर हिवर-बोर-तरवड आपोआप येतील तेवढेच पुरे. इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळला वनखात्याने गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे. लांडगा पाहायला लोक पैसे भरतात. पडीक जमिनीला गिऱ्हाईक मिळाले म्हणायचे.

२००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदवहीची कल्पना घडवली. अनेक ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेली. या पुस्तकातल्या याद्या मुद्दाम गावनिहाय केल्या आहेत, त्या तशाच नोंदवहीत उतरवता येतील: कोणत्या गायरानात माळटिटवी घरटे करते, कोणत्या ओढ्यात तरसाची कपार आहे (ही जागा नोंदवहीत लिहावी, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नये), कोणत्या विहिरीला कठडा नाही. लांडग्याच्या बिळाजवळ हिवाळ्यात कुणी फोटोसाठी जाऊ नये. मादी पिल्ले हलवते आणि त्यांतली काही वाटेत मरतात. जखमी किंवा विहिरीत पडलेले जनावर दिसले तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे, आणि गर्दी हटवणे हे पहिले काम आहे. गायरान कुणाला द्यायचे हा विषय ग्रामसभेपुढे येतो तेव्हा टेबलावर सातबारा असतो, प्रकल्पाचा नकाशा असतो. तिसरा कागद म्हणून ही नोंदवही असावी, आणि ती वाचून दाखवायला सभेत त्या माळावर मेंढरे चारणारा माणूस असावा.